वाचकांचे प्रश्न : पहिल्या पावसाआधी व्यवसायाचे आवार

एप्रिल संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत छपरांची गळती, भिंतींची ओल आणि बुरशी यांचीच गर्दी असते. यंदा मात्र पाच पत्रे वेगळ्याच, पण एकाच विषयावरची आली. व्यवसायाच्या जागेवरून पावसाचे पाणी वाहून जाताना बरोबर काय नेते आणि ते कसे रोखावे, हा तो विषय आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळून, पत्रे थोडक्यात करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा टर्निंग आणि मिलिंगच्या कामाचा लहानसा कारखाना आहे. आमच्याकडे रसायनांची प्रक्रिया होत नाही आणि सांडपाणी म्हणावे असे काही निघतही नाही. तरीही गेल्या जूनमध्ये पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मागच्या गटारातील पाण्यावरचा तेलाचा तवंग दाखवून आमच्याकडे खुलासा मागितला. आभाळातून पडणाऱ्या पाण्याची जबाबदारी कारखानदारावर कशी येते? पावसाळ्यापूर्वी आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : आपला प्रश्न प्रामाणिक आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांना सगळी गटारे सारखीच वाटतात. प्रत्यक्षात शौचालयाचे आणि मोरीचे पाणी ज्या वाहिनीत जाते, ती निदान कागदोपत्री तरी मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाळी गटार मात्र ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. या वाटेवर ना टाकी असते, ना गाळणी, ना तपासणारा माणूस. आपल्या मागच्या गटाराचे पाणी उतारानुसार पवनेला किंवा इंद्रायणीला जाऊन मिळते, आणि आपल्या अंगणात सांडलेले तेल नदीत पोहोचायला एक जोराची सर पुरते. कायद्याची भूमिकाही हीच आहे. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाचे कलम २४ प्रदूषक पदार्थ प्रवाहात, विहिरीत, मलवाहिनीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून सोडण्याला मनाई करते, आणि त्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे’ असे शब्द आहेत. आपण तेल ओतले नसले, तरी ते वाहून जाईल अशा जागी ठेवले आणि ठाऊक असूनही तसेच राहू दिले, तर ‘पावसाने नेले’ हे उत्तर फारसे टिकत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. आपण लिहिलेल्या कामात पाणी बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे यंत्रावरून निघालेला धातूचा कीस आणि त्याला चिकटलेले कुलंट, म्हणजे कापताना यंत्र थंड ठेवणारे तेलकट द्रव. हा कीस बहुतेक कारखान्यांत मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीलगत उघड्यावर साठवला जातो आणि भंगारवाला येईपर्यंत तिथेच पडून राहतो. आठ महिने त्यातून थेंब थेंब कुलंट जमिनीत मुरते, वर धूळ बसते, गंज धरतो, आणि जूनच्या पहिल्या सरीत हे सगळे एकदम निघते. म्हणून कीस आधी तळाला भोके असलेल्या ट्रॉलीत निथळू द्यावा, खाली जमलेले कुलंट परत वापरावे किंवा वेगळ्या बॅरलमध्ये साठवावे, आणि निथळलेला कीस छपराखाली, जमिनीपासून चार-सहा इंच उंच ओट्यावर ठेवावा. ओट्याला कडेने विटांचा कठडा असेल तर उत्तमच. ताडपत्री हा तात्पुरता उपाय आहे. ती वाऱ्याने उडते, मध्ये खोलगट झाली की तिच्यात पाणी साचते आणि शेवटी नको तिथेच ते सांडते. पत्र्याची लहान शेड एकदाच घालावी लागते आणि तिचा खर्च एखाद्या नोटिशीपायी माराव्या लागणाऱ्या खेपांच्या मानाने जड नाही.

तेलाच्या आणि कुलंटच्या बॅरलांबाबत एक रूढ आडाखा पाळावा. ज्या कठड्याच्या आत बॅरल उभे केले असतील, त्यात सर्वांत मोठे बॅरल पूर्ण फुटले तरी सगळे मावून वर दहा टक्के जागा उरावी. हा कठडा छपराखालीच हवा, कारण उघड्यावरचा कठडा पहिल्याच दिवशी पावसाने भरतो आणि मग आतले तेलकट पाणी कुठे टाकायचे हा नवाच प्रश्न उभा राहतो. वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार तो सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही आणि मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे मे महिन्यात एक खेप रवाना करून पावसाळ्यात शिरताना साठा कमीत कमी ठेवणे दोन्ही अर्थांनी सोयीचे आहे.

आवाराची सफाई करताना पाण्याचा पाइप हाती घेऊ नये, हे मी आवर्जून सांगतो. मे महिन्यात ‘पावसाळ्याची तयारी’ म्हणून पूर्ण आवार धुऊन काढणारे कारखाने मी पाहिले आहेत. जे काम पाऊस जूनमध्ये करणार होता, तेच त्यांनी नदीत पाणी कमी असताना आधी उरकलेले असते. खराट्याने झाडावे, कचरा घमेल्यात भरावा, तेलाच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून तो रात्रभर ठेवावा आणि सकाळी खरवडून काढावा. हा तेलकट भुसाही घातक कचऱ्याच्या पिशवीतच जातो, कचरापेटीत नव्हे.

पाणी किती येते याचा अंदाज असावा म्हणून एक सोपे गणित देतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपले आवार छपरासह १०,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर धरले, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत २३,००० लिटरहून अधिक पाणी पडते. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल इतके हे पाणी आहे. एवढे पाणी साठवून शुद्ध करणे लहान कारखान्याच्या आवाक्यात नाही. ते मुळात मळू न देणे आवाक्यात आहे. छपराचे पाणी पन्हळीतून वेगळ्या पाइपने थेट गटारात सोडले, तर ते भंगाराच्या कोपऱ्यावरून फिरत जात नाही आणि निम्मे काम तिथेच होते.

ज्यांच्याकडे सांडपाणी निघते आणि ते सामूहिक प्रक्रिया केंद्राकडे जाते, त्यांनी उलट बाजूही तपासावी. सांडपाण्याच्या चेंबरचे झाकण जमिनीच्या पातळीला असेल, तर पावसाचे पाणी त्यात शिरते, केंद्रावर क्षमतेपेक्षा जास्त पाणी येते आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी पुढे सोडले जाते. झाकणाची कड सहा इंच उचलून घ्यावी. पावसाच्या धारेत सांडपाणी मुद्दाम सोडून देणाऱ्यांविषयी इथे काही लिहीत नाही. त्यांना माहितीची उणीव नसते.

शेवटची सूचना वळवाच्या पावसाविषयी. वळीव म्हणजे फुकटात मिळणारी रंगीत तालीम आहे. सर सुरू झाली की विजांचा जोर नाही हे पाहून छत्री घेऊन आवारात एक फेरी मारावी आणि पाणी कुठून येते, कशावरून जाते, कोणत्या जाळीत उतरते, हे डोळ्यांनी पाहावे. आवाराचा कोणताही नकाशा इतके सांगत नाही.

प्रश्न : साताऱ्यात माझे दुचाकी आणि चारचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. दर वर्षी मे अखेरीस आम्ही सगळी फरशी डिटर्जंटच्या पाण्याने घासून स्वच्छ करतो. यात काही चुकते का? काढलेले काळे ऑइल आम्ही सेंट्रिंगवाल्यांना देतो, त्यामुळे ते वाया जात नाही.

उत्तर : दोन्ही गोष्टी चुकतात, आणि दुसरी अधिक.

डिटर्जंटमुळे तेल नाहीसे होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते, म्हणूनच फरशी स्वच्छ दिसते. नुसते तेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे ते एखाद्या टाकीत अडवून वरून काढून घेता येते. साबण मिसळल्यावर ते अडवण्याचा हा सोपा मार्गही बंद होतो. तेव्हा फरशीवर आधी भुसा, मग खरवडणे, मग कोरड्या चिंध्या हा क्रम ठेवावा. इतके करून उरलेला काळपट डाग दिसायला वाईट असला, तरी तो जागचा हलत नाही. गॅरेजच्या फरशीने आरशासारखे चमकावे अशी अपेक्षाही कोणी करू नये.

गाड्या धुण्याचा रॅम्प असेल, तर त्याचे पाणी तीन कप्प्यांच्या टाकीतून जायला हवे. पहिल्या कप्प्यात चिखल बसतो, दुसऱ्यात तेल वर राहते, आणि खालून जोडलेल्या पाइपने तिसऱ्यात गेलेले पाणी मलवाहिनीला जोडावे. पावसाळी गटाराला ते कधीही जोडू नये. अनेक ठिकाणी ही टाकी बांधलेली असते, पण वर्षानुवर्षे उपसलेली नसते. चिखलाने भरलेली टाकी आणि नसलेली टाकी यांत फरक नाही. मे महिन्यात ती उपसून घ्यावी आणि रॅम्पवर छप्पर किंवा भोवती उंबरा करावा, नाहीतर पावसाचे पाणी टाकीत शिरून वर जमलेले तेल बाहेर ढकलते.

आता काळ्या ऑइलविषयी. सेंट्रिंगच्या फळ्यांना आणि पत्र्यांना ते लावण्याची पद्धत आपल्याकडे इतकी जुनी आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतच नाही. पण इंजिनातून निघालेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून तयार झालेली घातक द्रव्ये असतात. त्या फळ्या उघड्या माळावर रचून ठेवल्या जातात, त्यांच्यावर पाऊस पडतो आणि तेल शेवटी ओढ्यालाच जाते. म्हणजे आपल्या गॅरेजमधून ते गेले नाही, शेजारच्या बांधकामावरून गेले, एवढाच फरक. तेल वाया जात नाही ही आपली भावना चांगली आहे. ती खऱ्या अर्थाने जपायची, तर तेल मान्यताप्राप्त पुनर्शुद्धीकरण केंद्राकडे जायला हवे, कारण तिथे त्यापासून पुन्हा वंगण तयार होते. अशा केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात मागता येईल. एका गॅरेजचे तेल थोडे असते आणि तेवढ्यासाठी गाडी येत नाही ही अडचण खरी आहे; परिसरातील आठ-दहा गॅरेजवाल्यांनी मिळून एक दिवस ठरवला तर ती सुटते. जुन्या बॅटऱ्या तेवढ्या आजच छपराखाली हलवाव्यात. त्या उभ्या ठेवाव्यात आणि खाली प्लास्टिकचा ट्रे असावा.

प्रश्न : डोंबिवलीत आमचा फरसाण आणि पोळी-भाजीचा घरगुती स्वरूपातून वाढलेला व्यवसाय आहे. दर पावसाळ्यात मागच्या गल्लीतील गटार तुंबते आणि शेजारी आम्हालाच बोल लावतात. आम्ही तर रोज रात्री मोरीत उकळते पाणी ओततो. आमचा खरोखर दोष आहे का?

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे पूर्ण खरे नसेल, पण ते निराधारही नाही. उकळत्या पाण्याने तूप-तेल वितळते आणि आपल्या मोरीतून पुढे जाते. दहा-वीस फुटांवर पाणी निवले की ते पुन्हा थिजते आणि पाइपच्या कडांना थर धरते. त्यावर बेसन, पोळीची कणीक आणि गल्लीतील प्लास्टिकच्या पिशव्या चिकटल्या की जून येईपर्यंत पाणी जायला वाटच उरत नाही. त्याच गटारात उंदीर पोसले जातात आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका त्यांच्यामुळे वाढतो, हे शेजाऱ्यांनी अजून आपल्याला ऐकवले नसेल तर त्यांचा चांगुलपणा समजावा.

भांडी धुण्याआधी कागदाने किंवा रबरी उलथन्याने पुसून घ्यावीत. मोरीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर ग्रीस ट्रॅप (पाण्यातले तूप-तेल अडवणारी पेटी) बसवावा आणि तो आठवड्याला रिकामा करावा. काढलेला मेणचट थर गटारात न टाकता बांधलेल्या पिशवीत कचऱ्यात द्यावा. भांडी मागच्या गल्लीत बसून धुतली जात असतील, तर ते मात्र लगेच थांबवायला हवे, कारण गल्लीतील जाळी पावसाळी गटाराची असते आणि ते पाणी उल्हास नदीच्या खाडीला जाते. तळणीच्या तेलाविषयी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम आहेतच. तेलातील एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी द्रव्ये) २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते वापरता येत नाही, आणि तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. टाकाऊ तेल जैवइंधनासाठी विकत घेणारे अधिकृत संकलक आता मिळतात, तेव्हा ते मोरीत ओतण्यात आर्थिक शहाणपणही नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये आमच्या एका इमारतीचे तळघर खोदून झाले आहे आणि काम पावसाळ्यातही चालू राहील. माती, वाळू आणि खडी हे तर नैसर्गिक पदार्थ आहेत. ते वाहून गेल्याने प्रदूषण कसे होते?

उत्तर : माती शेतात असते तेव्हा माती असते, गटारात गेली की गाळ होते. तिने पाइपचा गळा आवळला जातो, नासर्डी आणि वाघाडीसारख्या नाल्यांची पात्रे उथळ होतात आणि पुढे गोदावरीचे पाणी इतके गढूळ होते की तळाशी उजेड पोहोचत नाही. मातीच्या कणांना चिकटून डिझेल, रंग आणि खतेही प्रवास करतात. म्हणून उपसलेल्या मातीचा ढीग रस्त्याकडेला न ठेवता प्लॉटच्या आतल्या बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला ठेवावा, ताडपत्रीने झाकून कडा दगडांनी दाबाव्यात आणि खालच्या अंगाला खडी भरलेल्या गोण्यांची ओळ लावावी. गोण्या वाळूच्या नव्हे, खडीच्या असाव्यात, कारण त्यांतून पाणी पुढे जाते आणि माती मागे राहते. रस्त्यावरच्या जाळीभोवतीही अशाच गोण्या ठेवता येतात. मात्र दर सरीनंतर मागे साठलेला गाळ उचलावा लागतो, आणि नेमके हेच काम कोणाच्या अंगावर टाकलेले नसते. एका माणसाचे नाव ठरवून द्यावे.

तळघरात साचलेले पाणी पंपाने थेट गटारात सोडण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ते आधी एखाद्या खड्ड्यात किंवा टाकीत स्थिरावू द्यावे आणि पंपाचे तोंड तळाशी न ठेवता वरच्या निवळ पाण्यात तरंगते ठेवावे.

सिमेंटची गोष्ट याहून गंभीर आहे. मिक्सर आणि घमेली धुतलेल्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२ च्या आसपास जातो. माशांना साधारण साडेसहा ते नऊ एवढाच मानवतो. हे पाणी दिसायला नुसते राखाडी असते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. प्लास्टिकचे जाड अस्तर घातलेला एक खड्डा फक्त धुण्यासाठी राखून ठेवावा. त्यात पाणी उडून जाते, उरलेला भाग दगडासारखा होतो आणि तो भरावासाठी वापरता येतो. पावसाळ्यात या खड्ड्यावर छप्पर हवेच.

तयारीला केव्हा लागावे, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. मृगाची वाट पाहू नये. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते; २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि मेअखेरची कामे ठरवलेल्या अनेकांची धांदल उडाली. १० मेपर्यंत झाकण्याची, उचलण्याची आणि उपसण्याची कामे आटोपलेली बरी. उपसलेला गाळ गटाराच्या काठावरच वाळत ठेवण्याची जी सार्वजनिक पद्धत आहे, तिचे अनुकरण करू नये. तो पहिल्या सरीत जिथून काढला तिथेच परत जातो.

प्रश्न : चिपळूणमध्ये माझे हार्डवेअर आणि शेतीसाहित्याचे दुकान आहे. कोकणात पाऊस इतका पडतो की चार दिवसांत सगळे धुऊन समुद्राला मिळते. एवढ्या पाण्यात थोडेसे थिनर किंवा औषध गेले तर त्याचा परिणाम कितीसा होणार?

उत्तर : आपला युक्तिवाद जुलैच्या मध्यावर काहीसा पटण्यासारखा आहे. अडचण जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. उन्हाळाभर आवारात, रस्त्यावर आणि छपरांवर साठलेली घाण पहिल्या एक-दोन सरींत धुऊन निघते, आणि तेव्हा वहाळात पाणी अजून थोडेच असते. थोड्या पाण्यात सर्वांत जास्त विष, असा हा मोका असतो. आणि नेमके तेव्हाच काय घडत असते, हे चिपळूणकराला मी सांगायला नको. गाभोळीने भरलेले चढणीचे मासे त्याच पहिल्या पाण्याच्या ओढीने वहाळातून, पऱ्ह्यातून, थेट शेतांच्या बांधांपर्यंत अंडी घालायला वर चढत असतात. आपल्या दुकानामागून उतरणारे पाणी त्यांच्या तोंडावर येते. अनेक कीटकनाशके माशांना अगदी अल्प प्रमाणातही मारक असतात आणि तशी सूचना पुष्कळ डब्यांवर छापलेली असते. त्यामुळे ‘थोडेसे’ हा शब्द इथे उपयोगाचा नाही. वळगणीला, म्हणजे या चढणीच्या वेळी, मासे पूर्वीसारखे मिळत नाहीत ही तक्रार आपल्या दुकानातही ऐकू येत असेल. तिची कारणे अनेक आहेत, पण हे एक कारण आपल्या हातातले आहे.

तेव्हा मुदत संपलेली औषधे, फुटके डबे आणि गळके कॅन मे महिन्यातच वेगळे काढून वितरकाकडे परत पाठवावेत. ते अंगणात ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नयेत. रंगाचे ब्रश आणि डबे दुकानाच्या पायरीवर धुऊ नयेत. खतांच्या पोत्यांखाली लाकडी फळ्या असाव्यात, आणि फाटलेल्या पोत्यातून सांडलेले खत झाडून परत भरावे, पाण्याने ढकलू नये.

आपल्या गावाला लागू असलेली एक गोष्ट मात्र इतरांना लिहिलेल्या उत्तरांत आली नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतील माल तरंगत गेला. त्या पुराच्या खुणा आपल्या भिंतीवर अजून असतील. कीटकनाशके, थिनर, ॲसिड आणि रॉकेलजन्य पदार्थ यांची मांडणी त्या खुणेच्या वर, भिंतीला पक्क्या ठोकलेल्या आणि पुढून आडवी पट्टी असलेल्या फळ्यांवर करावी. माळा असेल तर पावसाळ्याचे चार महिने हा माल माळ्यावरच ठेवावा आणि खाली नमुन्यापुरते दोन-चार डबे मांडावेत. खिळे-पत्रे खालच्या जागेत राहू शकतात. ते भिजले तर नुकसान आपले होते, पण नदी विषारी होत नाही. मालाची एक यादी दुकानाबाहेर, घरी ठेवावी, म्हणजे पूर ओसरल्यावर कोणता डबा सापडत नाही हे सांगता येईल आणि मदतीला येणाऱ्या मुलांना कशाला हात लावू नये हेही.